जर्मनने मोजलंय

सौदी अरेबियाला जाऊन आले म्हटलं की लोक तीनच प्रश्न विचारतात. ऊन किती होतं, बुरखा घालावा लागला का, आणि सोनं तिकडे काय भाव. पहिल्याचं उत्तर पुष्कळ, दुसऱ्याचं नाही, आणि तिसऱ्याचं मला ठाऊक नाही. महिनाभर राहून मी खरोखर जे शिकून आले ते कुणी विचारतच नाही, म्हणून न विचारता सांगते. अमेरिकन माणसाला जर्मन माणूस कसा दिसतो, हे मी तांबड्या समुद्राच्या काठी शिकले. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे शेवटी माझ्याही लक्षात आलंच.

मी मूळची गुहागरची. लग्न होऊन पुण्याला आले आणि पस्तीस वर्षं जर्मन भाषा शिकवली. स्वतः जर्मनीला गेले एकदाच, सहा आठवड्यांसाठी, आणि पोचल्या दिवशीच माझी गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. ही गोष्ट मी वर्गात कधीही सांगितली नाही. वर्गात मी सांगायची, जर्मन गाडी आली की आपलं घड्याळ लावून घ्यावं. पुस्तकात तसंच होतं, आणि मुलांनाही तेच ऐकायचं असायचं.

सिग्नलसाठी थांबणारं शहर

माझी मुलगी मुग्धा आणि जावई निखिल किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत राहतात. निखिल तिथून जवळच, राबिघच्या बाजूला एका कारखान्याच्या बांधकामावर प्लॅनिंग इंजिनिअर आहे. कुठलं काम कधी व्हायला हवं होतं आणि ते का झालं नाही, याचे रंगीत तक्ते करणं हा त्याचा धंदा.

शहराचं नाव एवढं लांबलचक, पण रस्त्यावर माणूस म्हणून दिसेल तर शपथ. आठ पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना खजुरीची झाडं, प्रत्येक झाडाला स्वतंत्र पाण्याची नळी, आणि वाहन आमचं एकटंच. तरी मुग्धा लाल दिव्याला थांबली.

"कुणासाठी थांबलीस गं?" मी विचारलं.

"सिग्नलसाठी, आई."

पुण्यात हीच मुलगी स्कूटर फुटपाथवरून न्यायची. परदेशात गेलं की आपली माणसं किती शहाण्यासारखी वागतात, बघा! मी पर्स मांडीवर घट्ट धरून तो दिवा हिरवा व्हायची वाट पाहिली.

शुक्रवार सकाळ, राबिघ

शुक्रवार म्हणजे तिथला रविवार. सकाळीच आम्ही राबिघच्या मासळीबाजारात गेलो. कोकणातल्या बाईला परक्या देशात आधी मासळीबाजार दाखवावा, मग ती कुरकुर करत नाही, हे निखिलने बरोबर ओळखलं होतं. गारेगार हॉल, पांढऱ्या फरश्या, मासे बर्फावर ओळीने झोपवलेले. ओरडणं नाही, शिव्या नाहीत, एकही कोळीण नाही. मला तर मासळीच्या इस्पितळात आल्यासारखं वाटलं.

तिथे आम्हाला दाऊदभाई भेटले. दाभोळचे, म्हणजे आमच्या गुहागरहून खाडी ओलांडली की पलीकडे. बावीस वर्षं आखातात, आणि निखिलच्या साइटवर फिटर. पन्नाशीचे असतील. हाडं रुंद, बोलणं कमी, हात मात्र सतत काहीतरी चाचपत असलेले. माझ्यासाठी सुरमई निवडायला ते मुद्दाम कामगारांच्या कॅम्पवरून आले होते. सुरमईला तिथे देरक म्हणतात. दाऊदभाईंनी नऊ उलटल्या आणि दहावी घेतली.

"ताई, घरी कधी जाणार?"

"पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी. तुम्ही?"

"इन्शाल्ला, त्याच मंगळवारी. गुरुवारी धाकटीचा निकाह हाय." त्यांनी सुरमई पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड जरा जास्तच घट्ट आवळलं. "मोठीच्या टायमाला सुट्टी नाय मिळाली. मोबाइलवर बघितलं. ऐन कबूल बोलायच्या वक्ताला नेट अडकलं. पोरगी काय बोलली ते आजपर्यंत ऐकलं नाय मी."

या वेळी सुट्टी मंजूर होती, पण एका अटीवर. कारखान्यातला मोठा कॉम्प्रेसर पुढच्या आठवड्यात शनिवारी सुरू व्हायचा होता. तो सुरू होऊन तीन दिवस सलग चालला की ज्याला जायचं त्याने जावं. तोवर कुणीही हलायचं नाही. शनिवार ते मंगळवार, म्हणजे हिशेब बरोबर बसत होता.

बाजाराबाहेर एका म्हाताऱ्या खजूरवाल्याने आम्हाला बसवून घेतलं आणि कॉफी पाजली. कॉफी म्हणजे वेलदोड्याचं पिवळं पाणी, बोटभर कपात. कप रिकामा झाला की तो भरायचा. नको असेल तर कप हलवायचा असतो, हे मला सहाव्या कपानंतर कळलं. तो निखिलला म्हणाला, "तुमचं मशीन बसवतंय कोण?"

"अल्मानी," निखिल म्हणाला. म्हणजे जर्मन.

"अल्मानी? खलास!" म्हातारा 'झालं तर मग' अशा समाधानाने म्हणाला आणि त्याने विषय मिटवून टाकला.

शुक्रवार संध्याकाळ, मुग्धाचं घर

संध्याकाळी त्या अल्मानीला आणि निखिलच्या साहेबाला जेवायला बोलावलं होतं. साहेब म्हणजे केन, अमेरिकन, ओहायोचा. धिप्पाड, हसरा आणि मनाने अगदी साधा माणूस. मी त्याची चेष्टा करणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. येताना त्याने बिनदारूच्या बिअरचा अख्खा खोका खांद्यावर आणला.

"उवेसाठी," केन म्हणाला. उवे हे त्या जर्मन इंजिनिअरचं नाव. "बिचारा जर्मन माणूस, आणि या देशात बिअर नाही. मी दर शुक्रवारी एक खोका देतो. माणुसकी म्हणून."

मी जर्मन शिकवत होते हे कळल्यावर केन खुलला. त्याची पणजी जर्मन होती, म्हणजे तो पाव नाही तरी आठवा हिस्सा जर्मन, आणि म्हणूनच त्याच्या गॅरेजमधले पाने उंचीप्रमाणे लावलेले असतात. जर्मन माणूस रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबतो. जर्मन माणूस प्रत्येक गोष्ट मोजतो. जर्मन माणूस तोंडावर खरं बोलतो. त्याला हसता येत नाही, पण ती उणीव त्याच्या गाड्या भरून काढतात.

"तुम्ही जर्मनीत कुठे कुठे फिरलात?" मी विचारलं.

"फ्रँकफर्टचा विमानतळ. चार तास. पण तिथलं शौचालय पाहिलं की देश कळतो."

कप्पाळ माझं! पण मी हसले नाही, कारण हीच यादी मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिली होती. फक्त शौचालयाचा मुद्दा माझ्या पुस्तकात नव्हता.

"सात म्हणजे सात," केन दाराकडे बघत म्हणाला. "आता बेल वाजेल."

बेल वाजली पावणेआठला. उवे उंच, वाकलेला, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, आणि चष्मा शोधत असलेला. तो डोक्यावर होता. आधी चुकून शेजारच्या घरात जाऊन, तिथला चहा घेऊन, मग तो आमच्याकडे आला होता. केनने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दोनदा ठोकून पाहिलं.

"पुढे जातंय वाटतं," तो पुटपुटला.

उवेने सुरमईचं तिखलं तीनदा मागून घेतलं. नाक गळत होतं, डोळे लाल झाले होते, पण गडी हटेना. बिअर त्याने उघडली नाही. "मला बिअर आवडत नाही. पित्त होतं," तो म्हणाला. केनने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि हळूच म्हणाला, "बघा, तक्रार करत नाहीत. सगळं आत ठेवतात."

मग मी विचारलं, जर्मनीतल्या गाड्या अजून वेळेवर असतात का.

"गाड्या?" उवे म्हणाला. "मी माझ्या स्वतःच्या लग्नाला दोन तास उशिरा पोचलो. गाडीमुळे."

केन टेबलावर थाप मारून मारून हसला. डोळे पुसत म्हणाला, "कोण म्हणतं यांना विनोद करता येत नाही!" कोण म्हणतं ते मला माहीत होतं. उवे माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, "फ्राऊ बापट, मी विनोद करत नव्हतो." आणि थोडं थांबून, "तुमचं जर्मन फार सुंदर आहे. माझी आजी असं बोलायची." याचा राग धरावा की आनंद मानावा, हे माझं अजून ठरलेलं नाही.

मंगळवार

मंगळवारी संध्याकाळी निखिलबरोबर दाऊदभाई घरी आले. हातात एक कापडी पिशवी. आत हिरव्या रंगाची, जरीच्या काठाची ओढणी, एक अत्तराची कुपी आणि मदिनेच्या खजुरांचा डबा.

"ताई, ही तुमच्यासंगती न्याल काय? मी नाय पोचलो तर लेकीच्या हातात द्या. पोचलो तर माझी मीच नेतो."

"अहो, पोचणार नाही कसं? शनिवारी मशीन चालू होतंय ना?"

"चालू व्हईल," दाऊदभाई म्हणाले. "चालणार नाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मोटर आणि कॉम्प्रेसर ही दोन अवजड धुडं समोरासमोर बसवतात. दोघांचे दांडे अगदी एका रेषेत यायला हवेत. केसभर फरक पडला तरी मशीन हादरतं आणि आपलं आपण बंद होतं. ते झालं की सगळं उघडायचं, पुन्हा बसवायचं. दोन आठवडे कुठे गेले नाहीत. ती रेषा उवेने मोजून, सही करून दिली होती.

"पण साहेबांनी मोजलंन सकाळी अकरा वाजता. पूर्वेच्या अंगाला जाडा पाइप हाय, त्याच्यावर ऊन. लोखंड फुगतं, ताई. फुगलं की ढकलतं. माझे वालिद खाडीकाठी होड्या बांधायचे. फळीवर सूत मारायचं ते उजाडायच्या आत, हा त्यांचा कायदा. एका अंगाला ऊन लागलं की लाकूड त्या अंगाला वळतं. कोण उन्हात सूत धरलं तर हातावर फटका मारायचे." त्यांनी उजवा हात पालथा करून पाहिला, जणू फटका अजून तिथे होता. "परवा पहाटे मी आपला मोजायचा काटा लावून बघितला. रेषा हललेली हाय."

"मग सांगा ना कुणाला तरी!"

"सांगितलं. फोरमन बोलला, जर्मनने मोजलंय, तू तुझा पाना सांभाळ."

निखिल ताटाकडे बघत होता. जावई ताटाकडे बघायला लागला की सासूने समजावं.

"तू केनला सांगितलंस का?"

"सांगितलं, आई. तो म्हणाला, जर्मन माणूस दोनदा मोजतो, म्हणून तर आपल्याला एकदाही मोजावं लागत नाही."

"आणि उवेला? उवेला कुणी विचारलं?"

 मुग्धाने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. शेवटी दाऊदभाईच म्हणाले, "जर्मनाला कोण सांगणार, ताई?"

मला संताप आला. एकाच्या लेकीचा निकाह राहतोय, आणि ही दोन कर्ती माणसं लाजताहेत! पण खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात पहिल्यांदा आलं ते हेच की दाऊदभाईंचं काहीतरी चुकत असेल, जर्मन चुकेल कसा? शुक्रवारी मी मनातल्या मनात केनला हसले होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

"मी बोलते," मी म्हणाले. "त्याच्या आजीच्या भाषेत."

बुधवार, समुद्रकाठ

तिथे समुद्राकाठी चालायला छान फरसबंदी रस्ता आहे. संध्याकाळी उवे तिथे अनवाणी फिरत असे, कारण चपला तो कुठेतरी विसरलेला असे. समुद्र इतका शांत की आमच्या गुहागरच्या समुद्राने त्याला आजारी म्हटलं असतं.

पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, जर्मन माणसाशी आडून बोलू नये, मुद्दा पहिल्या वाक्यात ठेवावा. आणि मी स्वतः काय केलं? हवेपासून सुरुवात केली. मग ऊन. मग कोकणातलं ऊन. मग कोकणातल्या होड्या, होड्यांची लाकडं, लाकडं वाळवायची पद्धत. जर्मनमधली अतिसभ्य क्रियापदं, जी मी फक्त परीक्षेत वापरलेली पाहिली होती, ती सगळी एकामागून एक बाहेर काढली. पाव तास गेला. उवे मान हलवत ऐकत होता. शेवटी तो थांबला.

"फ्राऊ बापट, माझं मशीन वाकडं बसलंय का?"

"हो," मी म्हणाले.

तो जवळच्या बाकावर बसला. बराच वेळ पायाची वाळू झटकत राहिला.

"आमच्या कारखान्यात मशीन मोठ्या हॉलमध्ये जोडतात," तो म्हणाला. "हॉलमध्ये ऊन नसतं." मग म्हणाला, "कुणी पाहिलं?"

मी दाऊदभाईंचं नाव सांगितलं. होडीवाल्या वडिलांचं सांगितलं, निकाहाचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही जर्मन आहात म्हणून."

"तीन आठवडे," उवे म्हणाला, "इथे मला कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही. मी म्हणतो, जरा तपासून पाहा, तर सगळे हसतात. सही केली की टाळ्या. घरी माझी बायको मला दिव्याचा बल्बसुद्धा बदलू देत नाही. पण सगळे रोज हो म्हणायला लागले की वाटायला लागतं, असेल बुवा आपलंच बरोबर. हे फार वाईट असतं."

त्याचे डोळे भरून आले होते. जर्मन माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. पुस्तकात त्यासाठी धडा नव्हता. मी पिशवीतून त्याला चिरोटा दिला. आपल्याकडे एवढंच असतं द्यायला.

गुरुवार

गुरुवारचं मी निखिलकडून ऐकलेलं सांगते, कारण साइटवर मला प्रवेश नव्हता. पहाटे साडेचारला भेटायचं ठरलं. दाऊदभाई चारलाच काटा लावून बसले होते. उवे वीस मिनिटं उशिरा आला, आणि कुणीही स्वतःचं घड्याळ ठोकून पाहिलं नाही. उजाडायच्या आत मोजलं, मग अकराला पुन्हा मोजलं. काटा दाऊदभाई म्हणाले होते तेवढाच हलला. उवे त्यांना खांद्याला धरून म्हणाला, "तुमच्या वडिलांनी मलाही फटका मारला असता." मग दोघांनी मिळून ताडपत्र्यांची सावली केली, पाइपाचा आधार सैल केला आणि नव्याने रेषा धरायला घेतली.

सही करून दिलेला मोजणीचा जुना तक्ता उवेने फाडला. नव्या तक्त्यावर 'मोजणी' या रकान्यात त्याने दाऊदभाईंचं नाव लिहिलं, आणि 'मदतनीस' या रकान्यात स्वतःचं.

पुन्हा शुक्रवार, केनचं अंगण

शुक्रवारी केनकडे आम्हाला आणि साइटच्या फोरमनला जेवण होतं. अंगणात कोळशाच्या शेगडीवर मटण भाजणं चाललं होतं, आणि केन कमरेला एप्रन बांधून चिमट्याने सगळ्यांना सूचना देत होता. उवे आला आणि त्याने शेगडीसमोर उभं राहून सरळ सांगितलं: मी चुकीचं मोजलं होतं, दाऊदने पकडलं, काम पुन्हा करावं लागतंय, मशीन शनिवारऐवजी सोमवारी सुरू होईल.

 आता केनच्या डोक्यातला जर्मन कोसळणार, असं मला वाटलं. केनने चिमटा खाली ठेवला. 

"बघा," तो आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला. "याला म्हणतात जर्मन प्रामाणिकपणा! जगातला दुसरा कुठला माणूस स्वतःहून असं सांगेल?" आणि त्याने टाळ्या वाजवल्या. त्याने वाजवल्या म्हणून फोरमननेही वाजवल्या.

निखिलने नवा तक्ता पुढे केला. केनने तो वाचला, 'मदतनीस' वाचलं, आणि मान डोलावली. "फॉर्ममध्ये चुकीचं नाव यांना सहनच होत नाही. फार नेमके लोक."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण मला तेव्हा हसू आलं नाही, कारण दुसऱ्याच क्षणी निखिलने दाऊदभाईंच्या सुट्टीचं काढलं आणि केन म्हणाला, "सोमवारी सुरू, तीन दिवस चाचणी, म्हणजे गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी निघू दे."

गुरुवारी निकाह. म्हणजे दाऊदभाई बोलले नसते तर मशीन बंद पडल्यामुळे अडकले असते, आणि बोलले म्हणून दोन दिवसांच्या उशिरामुळे अडकत होते. चूक जर्मनाची, टाळ्या जर्मनाला, आणि शिक्षा दाभोळच्या दाऊदला! माझ्या कपाटात ती हिरवी ओढणी होती. निखिल विनवत होता, केन मान हलवत होता, नियम म्हणजे नियम सांगत होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त नियम मोडायला कारण हवं होतं, आणि लेकीचं लग्न हे त्याच्या तक्त्यात बसणारं कारण नव्हतं.

मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं त्याची तयारी मी केलेली नव्हती. पस्तीस वर्षांची सवय म्हणा.

"मला नवल वाटतं," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. "जर्मनीत तर याच्या बरोब्बर उलट असतं. ज्या फिटरने रेषा धरली, त्याला मशीन सुरू झाल्या दिवशीच घरी पाठवतात. सगळ्यांच्या आधी. फार जुनी पद्धत आहे."

"असं?" केन म्हणाला. "का बरं?"

का बरं? मला काय ठाऊक का बरं! "म्हणजे," मी म्हणाले, "त्याला स्वतःच्या कामावर भरवसा आहे, हे त्यातून सिद्ध होतं. जो थांबतो त्याला शंका आहे."

केनने उवेकडे पाहिलं. उवेने माझ्याकडे पाहिलं.  तोंडावर खरं बोलणारा, हसता न येणारा माणूस. एक शब्द वेगळा बोलला असता तरी माझी अब्रू त्या शेगडीवर भाजून निघाली असती.

उवे ताठ उभा राहिला. पाठीचा बाक गेला. चष्मा सरळ केला.

"अर्थात," तो म्हणाला. "लेखी नियम आहे. तीन प्रतींमध्ये."

उवेने त्या महिन्यात केलेला तो एकमेव विनोद. त्यावर कुणीही हसलं नाही.

"तीन प्रतींमध्ये!" केन हरखून म्हणाला. "निखिल, दाऊदला सोमवारी सोड. मशीन फिरलं की लगेच. चाचणीला उवे आहेच. देवा, या लोकांनी खरंच सगळ्याचा विचार करून ठेवलेला असतो." आणि त्याने उवेच्या हातात बिनदारूची बिअर ठेवली. तोवर उवेच्या खोलीत तसे चार खोके साठले होते. दुसऱ्या दिवशी ते त्याने दाऊदभाईंच्या कॅम्पवर पोचवले, आणि पोरांनी ते आनंदाने संपवले.

रविवारी दाऊदभाई पिशवी न्यायला आले. मी ओढणीला इस्त्री करून ठेवली होती. त्यांनी ती उघडून बघितली, पुन्हा घडी घातली, आणि दाराच्या चौकटीवरून हात फिरवत उभे राहिले.

गुरुवार, दाभोळ

मी मंगळवारी निघाले आणि पुण्याला न जाता थेट गुहागरला गेले. गुरुवारी सकाळी धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली. सौदीचा विमानतळ, चकचकीत स्टेशन, सगळं पाहून आलेली मी, पण त्या गंजक्या बोटीत डिझेलचा वास नाकात गेला तेव्हा कुठे महिन्याभराने जिवाला बरं वाटलं.

निकाह वेळेवर लागला. मी बायकांमध्ये, धाकटीच्या अगदी जवळ बसले होते. तिच्या डोक्यावर तीच हिरवी ओढणी. दाऊदभाई पांढऱ्या झब्ब्यात पडद्याशी उभे होते, कान पुढे करून. कबूल आहे का, विचारलं गेलं, आणि तिने हळूच उत्तर दिलं. एवढं हळू की मला अर्धंच ऐकू आलं. त्यांना पूर्ण ऐकू आलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि सांगायला लाज कसली, मीही पदर डोळ्यांना लावला.

उवेने राबिघहून फोनवर हजर राहायचं कबूल केलं होतं. बिर्याणीची ताटं मांडून झाली, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. अर्धा तास उशिरा. उवेचा चेहरा, आणि मागून केनचा मोठा चेहरा.

"साहेब, निकाह झाला पण!" दाऊदभाई मोडक्या इंग्रजीत ओरडले. "जर्मन आणि लेट?"

"तुमच्याकडचं नेटवर्क!" केन मागून म्हणाला. "इथे तो बरोबर वेळेवर आहे. आणि दाऊदला सांगा, मशीन घड्याळासारखं चालतंय. मी आता सगळ्या साइटला नियम लावलाय, रेषा धरणारा आधी घरी. पुढच्या आठवड्यात दोघे जाताहेत, एक नेपाळचा, एक बिहारचा. जर्मन नियम!"

उवे काहीतरी सांगायला गेला. केनने शेजारून त्याच्यापुढे बिअरचा डबा धरला, आणि तेवढ्यात खरंच नेट अडकलं. चित्र जागच्या जागी थिजलं. केनचं तोंड उघडं, उवेचा हात नको म्हणायला वर केलेला.

मांडवात जमलेल्या पोरी ते चित्र बघून हसायला लागल्या. दाऊदभाई हसले नाहीत. हातातल्या फोनकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"मोठीच्या निकाहाला मी अस्साच दिसत होतो, ताई," ते म्हणाले. "तोंड उघडं. तिने फोटो काढून ठेवलाय."

मग त्यांनी फोन बंद केला, झब्ब्याच्या खिशात टाकला, आणि धाकटीच्या ताटात मटण वाढायला गेले.